किड्याचं कानशील

वन्सं,

तुमच्या तेराव्याला जेवायला आलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं की तुम्ही फार शांत होतात. मी वाढत होते, म्हणून नुसती मान हलवली. पंक्तीत वाद घालायचा नसतो. पण त्यातल्या एकावरही तुमच्याशी भांडायची वेळ आली नव्हती हे उघड होतं. तुम्ही भांडताना आवाज चढवत नसात, एवढंच. भिंगातून बघायचं, भिंग पुसायचं, परत बघायचं आणि शेवटी एकच शब्द बोलायचा. त्या एका शब्दाने समोरच्याची बोलती बंद. याला शांत म्हणत असतील तर अजगरही शांतच म्हणायचा.

तुमच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडे मजकूर मागितला. म्हणाले, बाईंच्या भावजय म्हणून चार ओळी द्या, हृद्य आठवणी. मी म्हटलं, चार ओळींत माझं भांडण मावत नाही. ओढाताण करून चार पानांवर आणलं. तुम्ही असतात तर पहिल्याच झटक्यात चार ओळींना कबूल झाला असतात. भाव करणं तुम्हाला कधी जमलं नाही. नारळवाल्याने सांगितला तो भाव तुम्ही तसाच दिलात आणि वर त्याला थँक्यू म्हणालात. आपण इतका कमी का सांगितला म्हणून त्या माणसाला दोन दिवस झोप लागली नसेल.

मी भाव करायला शिकले ती आईच्या मागे चालत. ती डोक्यावर टोपली घेऊन पावसच्या वाड्यांतून मासळी विकायची. तुमच्या घरात आले तेव्हा या घरात सगळे नोकरीवाले, महिन्याच्या एक तारखेकडे डोळे लावून बसलेले. मी मागच्या पडवीत लाकडी मोगरीने काजू फोडायला बसले. आज मागे शेड आहे, वाफेचा बॉयलर आहे, ड्रायर आहे, चौदा बायका कामाला आहेत. कुणी हातात आणून दिलं नाही, माझं मी केलं. हे मी दिवसातून एकदा तरी म्हणते असं तुम्ही यांना सांगायचात. हे म्हणायचे, "ताई, एकदा नाही, तीनदा." तुम्ही म्हणायचात, "अनंता, रविवार धरून बोलतोयस तू."

आणि तुमची खोली. तिथे भुंगेऱ्यांचं वसतिगृह. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीत स्पिरिट, प्रत्येकीत एक काळा ठिपका, प्रत्येकीवर मुंग्यांसारख्या अक्षरात चिठ्ठी. ओटीवरच्या दिव्याखाली पडलेले भुंगेरे तुम्ही सकाळी पारिजातक वेचावा तसे वेचायचात. स्वयंपाकघरातली एक वाटी तुम्ही त्यांच्यासाठी नेलीत आणि ओळखू यावी म्हणून तिला खाली लाल नेलपॉलिश लावलंत. ती घासून परत फडताळात कुणी ठेवली ते अजून सिद्ध झालेलं नाही. व्याह्यांना मुरांबा मात्र तिच्यातूनच गेला. ते गेल्यावर तुम्ही वाटी उलटी करून मला दाखवलीत, आणि आपण दोघी ओट्याला धरून इतक्या हसलो की हे बघायला आले. हे हृद्य आठवणीत धरा.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, हे दोन भुंगेरे तर सारखेच आहेत, मग दोन बाटल्या कशाला? तुम्ही मलाच विचारलंत, "बांगडा घेताना तू काय करतेस?"

"कल्ला उघडून बघते."

"का? वरून दिसतो की ताजा."

"वरून सगळेच ताजे असतात."

"मग झालं," म्हणालात आणि परत भिंगात डोकं घातलंत.

मला ते पटलं होतं. तेव्हा पटलं नसतं तर पुढचं रामायण झालं नसतं.

गेल्या वर्षी चिपळूणच्या शेटांचा फोन आला. किराणा आणि सुका मेवा, दोन्हीचे घाऊक व्यापारी, माझं मोठं गिऱ्हाईक. म्हणाले, "वहिनी, काजूत किडे निघालेत." आणि मोबाइलवर फोटो पाठवला. पांढऱ्या गरांवर बारीक तपकिरी रेघा. मी म्हटलं, तीळ आहेत.

ते म्हणाले, "चालतायत वहिनी."

माझ्या शेडला आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. माल महाग म्हणाले असतील, मला तोंडाळ म्हणाले असतील, पण किडका म्हणाले नव्हते. मी फोटो तुमच्यापुढे धरला. तुम्ही चष्मा वर केलात. "करवती भुंगेरा असावा. छातीच्या दोन्ही कडांना सहा-सहा दात असतात, करवतीसारखे. पण यात दोन जाती आहेत. एक धान्यात रमतो. दुसऱ्याला तेलकट दाणे लागतात, काजू, बदाम, शेंगदाणे. दिसायला जुळे."

"मग ओळखायचे कसे?"

"कानशिलावरून. डोळ्याच्या मागे, मानेच्या आधी जी जागा असते ना, ती. धान्यवाल्याची लांब, डोळ्याच्या निम्म्याहून मोठी. दाण्यावाल्याची अगदी आखूड, नसल्यासारखी."

तीन मिलिमीटरच्या किड्याला कानशील असतं हे मला त्या दिवशी कळलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरू लागलं होतं. शेटांच्या गोदामात तांदूळ. माझ्या शेडमध्ये तांदळाचा दाणा नाही. म्हणजे किडे त्यांचे. मी तिथल्या तिथे फोन लावला, "शेट, उद्या येते. माझी नणंद बरोबर आणते, जीवशास्त्राची शिक्षिका. ती तुमच्या समोर बसून सांगेल किडा कुणाचा ते. ती सांगेल ते मला मान्य, तुम्हालाही मान्य पाहिजे."

ते लगेच मान्य म्हणाले. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. जो माणूस पहिल्याच बोलीला हो म्हणतो, त्याच्याकडे दोनदा बघावं.

एसटीत मी तुम्हाला पढवत होते. "तिथे गेल्यावर धान्याचा म्हणायचं."

"बघितल्यावर म्हणेन."

"बघा. पण म्हणा."

"सुलू, किडा काय खातो ते मी सांगेन. कुठून आला ते मला सांगता येणार नाही."

हे वाक्य मी ऐकलं होतं. खोटं बोलणार नाही. ऐकलं, आणि संगमेश्वरला उतरून चहा घेताना विसरले.

गोदामात शेटांनी टेबल पुसून दिलं. पुराने शहाणे झालेल्या चिपळूणच्या व्यापाऱ्यासारखा त्यांचा सगळा तांदूळ वर लाकडी माळ्यावर, आणि पत्र्याचे डबे खाली. माझा डबा उघडून ठेवला होता. तुम्ही पांढऱ्या बशीत स्पिरिटचे थेंब टाकलेत, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक किडा उचललात आणि वीस किडे ओळीने मांडलेत, वर्गात पोरं बसवावीत तसे. मग वीसपट मोठं दाखवणारं ते भिंग डोळ्याला लावलंत आणि शेजारच्या कागदावर लिहीत गेलात.

"एक. आखूड."

शेटांनी खुर्ची जवळ ओढली.

"दोन. आखूड."

"वन्सं, उजेड कमी आहे," मी म्हटलं. शेटांनी टेबललॅम्प आणून दिला. माणूस वाईट नाही, पण असली मदत कुणी मागितली होती?

"तीन. आखूड."

"आखूड म्हणजे किती आखूड?"

"डोळ्याच्या पावपट."

"निम्मं धरा."

"मी काय धरू? किडा घेऊनच आलाय ते."

शेटांनी खोकल्यासारखं केलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा सांगायला उठले. चहा आला, थंड झाला. तुम्ही एका किड्याला पाच-पाच मिनिटं घेत होतात. उलटा करून, सुलटा करून, मान वाकवून. नऊ आखूड. दहा आखूड. मी काय काय करून बघितलं. अकराव्याला म्हटलं, हा जरा तब्येतीने वेगळा दिसतोय. तेराव्याला म्हटलं, तुम्ही दमला असाल. सोळाव्याला तुम्ही "आखूड" म्हणालात आणि माझा तोल गेला.

मी उठले. "पुरे झालं. शेट, माझे डबे परत द्या. मला चिपळुणात धंदाच करायचा नाही."

तुम्ही भिंगातून डोळा न काढता म्हणालात, "अजून चार राहिलेत."

"सोळा पुरे आहेत माझ्या तोंडाला काळं फासायला."

मी बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. तुम्ही अर्ध्या तासाने आलात, बाटली रुमालात गुंडाळलेली. एसटीत मी तुमच्या शेजारी बसले नाही, मागच्या बाकावर गेले. सावर्ड्याच्या पुढे तुम्ही हेलकावे खात, बाकांना धरत माझ्यापर्यंत आलात. "सुलू, एक सांगायचं राहिलं."

"मला काही सांगू नका."

"बरं. विचारशील तेव्हा सांगेन."

आणि परत जागेवर जाऊन बसलात. तुमचा हट्ट माझ्याहून एक वीतभर मोठा होता हे आता कबूल करते. स्मरणिकेत छापा हवं तर.

त्यानंतर आपण यांच्यामार्फत बोलायला लागलो. एकाच टेबलावर बसून. "अनंता, तिला म्हणावं, आमटी वाढ." "ताई म्हणते आमटी वाढ." "त्यांना म्हणावं, तुमचा हात पोचतो." हे मधे बसून मान इकडून तिकडे फिरवायचे, टेनिस बघितल्यासारखी. एकदा कंटाळून ताट घेऊन शेडमध्ये जाऊन बायकांच्यात जेवले. त्या दिवशी आपण दोघी अख्खं जेवण गप्प होतो, कारण पोस्टमनच रजेवर गेला होता.

ड्रायरखालचा चुरा रोज झाडून काढावा हा तुमचा हुकूमही मला यांच्याकडूनच आला. मी रागारागाने काढला. रोज. अजून काढते.

तीन आठवड्यांनी शेटांचा फोन. "वहिनी, झालं गेलं. पुढचे डबे पाठवा." मी एक दिवस ताटकळत ठेवलं आणि मग हो म्हटलं. त्या रात्री जेवताना मी यांना सांगितलं, तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात, "बघितलंत? मी एक शब्द कमी केला नाही. गप्प बसले, आणि तोच शरण आला. याला धंदा म्हणतात." तुम्ही पानात बघून म्हणालात, "अनंता, तिला म्हणावं, सोलकढी आज छान झालीय."

ते गेलं वर्षभर मी सगळ्यांना सांगत आले. नवीन बायकांना शिकवताना सांगते. भाच्याच्या लग्नात सांगितलं. चिपळूणचा शेट मी नुसती गप्प बसून वाकवला.

मग तुमचं आजारपण, दवाखाना. तिथे अबोला ठेवायला मला लाज वाटली, तुम्हालाही. मी पेज घेऊन यायची, तुम्ही मीठ कमी म्हणायचात, मी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायची. आपण सगळं बोललो. यांचा गुडघा, शेडचं छप्पर, तुमच्या खिडकीतला जास्वंद. एकदा बोलता बोलता काजूचा विषय निघाला आणि तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. वर्गात एखाद्या पोराचा हात अर्धा वर आला असावा आणि बाईंनी तो पूर्ण वर यायची वाट बघावी, तसं. मला कळलं होतं, वन्सं. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, उद्या मऊ भात आणते. एवढी सोपी गोष्ट होती. दोन शब्द. ज्या बाईने आयुष्यभर समोरच्याच्या तोंडून त्याचा शेवटचा भाव काढून घेतला, तिला तेवढं विचारता आलं नाही. उद्या विचारू म्हटलं. मऊ भात केला तो तसाच परत आणला.

तेरावं झाल्यावर चौथ्या दिवशी दुपारी शेट स्वतः आले. मला वाटलं मालाचं काही असेल. ओटीवर बसले, पाणी घेतलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग खिशातून काड्यापेटी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ही बाईंसाठी ठेवली होती. आता कुणाला द्यायची?"

मी उघडली. आत कापूस आणि सात-आठ किडे.

"हे काय?"

"दोन-तीन महिन्यांनी पाठवायचो. गोदामात काही नवीन दिसलं की. त्या फोन करून सांगायच्या कुठल्या पोत्यात बघ ते." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नाही?"

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. तुम्ही उठून गेलात ना, त्यानंतर बाईंनी राहिलेले चार बघितले. सतरावा निघाला लांब."

मी काड्यापेटी मिटली. ते सांगत गेले. तुम्ही त्या दिवशी तिथे काही बोलला नाहीत, माळ्याकडे नुसतं बघत बसलात. दोन दिवसांनी त्यांना फोन करून म्हणालात: "सतरावा धान्याचा आहे. सुलूच्या शेडमध्ये धान्य नाही, आणि ती डबा हवाबंद करते. धान्याचा किडा उडत नाही, पण माळ्याच्या फळ्यांच्या फटीतून पडू शकतो. म्हणजे डबा तुमच्याकडे उघडा राहिला होता. राहिलेले एकोणीस कुठून आले, तिच्या ड्रायरखालून की तुमच्या शेंगदाण्यातून, ते मी सांगू शकत नाही. शेट, तुम्हीही सांगू नका."

"मी वर जाऊन बघितलं," शेट म्हणाले. "खालची तीन पोती तशीच, किडलेली. सगळी काढली. मग तुम्हाला फोन केला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाल्या, सुलू विचारेल तेव्हा मी सांगेन, तुम्ही मधे पडू नका. मी विचारायचो मधूनमधून, विचारलं का? त्या म्हणायच्या, नाही अजून, पण विचारील."

तर हे असं. वर्षभर ज्या विजयाची मी टिमकी वाजवत फिरले तो तुमचा होता, आणि तुम्ही समोर बसून सोलकढी पीत होतात. मला त्या क्षणी काय वाटलं विचाराल तर पहिल्यांदा राग आला. इतका की शेट टोपी घालून उठायच्या बेतात आले. मी जर सोळाव्याला उठले नसते तर सतरावा माझ्या समोर निघाला असता. मी शेटांना तिथल्या तिथे माळ्यावर चढवलं असतं, चिपळूणभर केलं असतं. तुम्ही ते फोनवर, हळू आवाजात, कुणाचं नाव खराब न करता उरकलंत. माझंही नाही, त्यांचंही नाही. मग राग कुणावर काढायचा ते कळेना. तुमच्यावर काढायची सवय, आणि तुम्ही भिंतीवर हार घालून.

मी शेटांना म्हटलं, "एक तरी तुमचा होता ना? मग माफी मागा."

"मागतो की. माफ करा वहिनी."

"एकोणिसांचं बघू नंतर."

ते हसले, मग टोपीने डोळे पुसले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "मग आता किडे कोण बघणार?"

माझ्या तोंडून गेलं, "मी."

त्यांनी माझ्याकडे, तुम्हाला जमेल का, असं बघितलं. तसं मला कुणी बघितलेलं चालत नाही, पण त्यांना सोडलं. नेमकं तेच मी स्वतःलाही विचारत होते.

दुसऱ्या दिवशी तुमची ट्रंक उघडली. चिपळूणची बाटली लगेच सापडली, चिठ्ठी होती; आत वीस बारीक नळ्या, प्रत्येकीत एक किडा आणि त्याचा आकडा. तुमचा तो कागदही त्याच बाटलीला रबराने बांधलेला, एक ते वीस आकडे आणि पुढे आखूड, आखूड, आखूड. शेटांची काड्यापेटी मी बाजूला ठेवली. आधी या विसांवर हात बसवायचा, मग नवीन. पांढरी बशी घेतली, स्पिरिट घातलं, ब्रश ओला केला. पहिला किडा उचलताना त्याचा पाय मोडला. माफ करा. दुसऱ्याला काही मोडलं नाही.

भिंगात पहिल्यांदा माझी पापणीच दिसली. मग काही तरी तपकिरी. मग एकदम तो दिसला, वन्सं, करवत लावलेला, दोन्ही बाजूंना सहा-सहा दात, मी मोजले. डोळा म्हणजे बारीक काळ्या मण्यांचा झुबका. आणि डोळ्याच्या मागे एक टोक, नसल्यासारखं. आखूड. तुम्ही इतकी वर्षं हे बघत होतात आणि मी बाहेरून हाका मारत होते की जेवायला या, पान वाढलंय.

हे दोनदा डोकावून गेले. शेडमधून एक बाई विचारायला आली, बॉयलर बंद करू का. मी हाताने खूण केली. अकरावा तब्येतीने वेगळा नाहीच आहे, ते मी घुसडलं होतं. सोळाव्याला माझे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. पाठ दुखत होती, डोळ्याला पाणी येत होतं, आणि सगळे आखूडच निघत होते. मी पदर खोचला आणि बसून राहिले.

सतरावा लांब आहे. स्पष्ट लांब. अठरा आखूड, एकोणीस आखूड, तुमच्या कागदाप्रमाणे.

विसाव्याबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे.